आधी आलेली झाडं

“…पण आक्का, जी इथं टिकणारच नाहीत, त्यांना जागा द्यायची तरी कशाला?”

नीलकंठानं हे विचारलं तेव्हा त्याच्या हातात नुकतंच उपटलेलं चांदाड्याचं रोप होतं. मुळांना ओली माती लोंबत होती.

बयाक्का एका जळक्या ओंडक्यावर बसल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला, रोप घेतलं आणि पानाकडे बघत राहिल्या. देठ पानाच्या कडेला नव्हता. मधोमध जोडलेला होता, ढालीला मागून मूठ असावी तसा.

“याला असं पान का रे?”

“असं म्हणजे… त्याची जातच तशी आहे.”

“हं.” बयाक्कांनी पान उलटं करून पाहिलं. “म्हणजे तुलाही माहीत नाही. मला वाटलं, मलाच माहीत नाही.”

नीलकंठाला हे उत्तर वाटलं नाही. तो पुन्हा खाली वाकला आणि दुसरं रोप उपटायला लागला.

घाटमाथ्याच्या उतारावर घुमटीच्या देवाची राई होती. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी नेत नसे. राईच्या पोटातून एक झरा निघायचा आणि त्या झऱ्यावर शेजारची दाभेवाडी जगायची. मग एका उन्हाळ्यात पलीकडच्या डोंगरावरून वणवा आला. वारा त्याच्या बाजूनं होता. माणसं हिरव्या डहाळ्या घेऊन धावली, पण ती पोचेपर्यंत राईत झोडपायला काही उरलं नव्हतं.

पावसाळ्यात उघडी माती वाहून गेली. पुढच्या उन्हाळ्यात झरा आटला.

बयाक्का राईच्या कडेला झोपडी बांधून राहायच्या. तरुणपणी त्यांनी दूरच्या एका मठात बसून पुष्कळ पोथ्या वाचल्या होत्या. त्याबद्दल त्या फारशा बोलत नसत. कुणी काही विचारायला आलं तर बहुतेक वेळा त्याच काहीतरी विचारायच्या. काही माणसं चिडून परत जायची. काही राहायची.

नीलकंठ राहिला होता. तो वाईच्या वैद्य घराण्यातला. औषधी वनस्पतींचा निघंटू त्याला मुखोद्गत होता. एका वनस्पतीचं नाव काढलं की तो तिची सगळी नावं, रस, वीर्य, विपाक एका दमात सांगायचा आणि सांगून झाल्यावर समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायचा.

झरा आटला तेव्हा वाडीची माणसं देवळाच्या ओट्यावर जमली होती. रडकुंडीला आली होती. नीलकंठ मध्येच उठून म्हणाला, “राई मी परत उभी करतो.”

सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

“तू?” बयाक्कांनी विचारलं.

“मी.”

“बरं.”

एवढंच त्या म्हणाल्या. नीलकंठाला तो आशीर्वाद वाटला.

त्यानं कामाची आखणी वैद्यासारखी केली. राईत पूर्वी काय काय होतं, ते म्हाताऱ्या माणसांना विचारून घेतलं. जांभूळ, पिसा, अंजनी, हिरडा. हे राईचे मानकरी. हे आणून बसवले की राई झाली, असा त्याचा हिशेब. डोंगरापलीकडच्या एका जुन्या देवराईच्या कडेची रोपं तो मागून आणायचा. टोपली डोक्यावर, वाट चढणीची. प्रत्येक रोपाला खड्डा, खड्ड्यात पालापाचोळा, वर दगडांचं आळं.

आणि भोवतालचं बाकी सगळं साफ. टाकळा, रानतुळस, धायटी, करवंदी, खरगोल, चांदाडा. ही सगळी भणंग मंडळी. कुणी न बोलावता आलेली, हात लावला की मोडणारी, दोन-चार पावसाळ्यांची पाहुणी.

“मानकऱ्यांच्या पंगतीत यांचं काय काम?” तो म्हणायचा.

उन्हाळा आला आणि मानकरी करपले.

नीलकंठानं मातीला दोष दिला. पुढच्या वर्षी तो शेणखत घेऊन आला. तेही वर्ष तसंच गेलं. मग त्यानं बकऱ्यांना दोष दिला, मग पावसाला. उतार मात्र आरशासारखा स्वच्छ ठेवला.

एका दुपारी सोनाबाय नदीवरून हंडा घेऊन चढत होती. वाडीतली ती वयानं मोठी, बोलायला मोकळी. तिची सून याच वाटेवर हंड्यासकट घसरली होती आणि तिचा मोडलेला पाय नीलकंठानंच बांधला होता.

सोनाबायनं हंडा कातळावर टेकवला आणि श्वास घेतला.

“वैदबुवा, औंदा तरी यील का वो झरा?”

“येईल.”

“तसं न्हाई… पोरगा म्हनतोय, वाडी सोडू या. खालच्या पाड्यावर जागा बघून आलाय. मी त्याला काय सांगू?”

नीलकंठानं पायाशी करपलेल्या रोपाचं आळं सारखं केलं.

सोनाबायनं वाट पाहिली, मग हंडा उचलला. “बरं, ऱ्हाऊ द्या,” म्हणाली आणि वर गेली.

त्यानंतर चैत्र लागला. ऊन असं की कातळावर पाय ठेवता येऊ नये. नीलकंठ जेवून झोपडीबाहेर आला आणि जागीच थबकला.

उघड्या उतारावर बयाक्का बसल्या होत्या. डोक्यावरचा पदर काढून मांडीवर ठेवला होता. पांढरे केस उन्हात चमकत होते. शेजारी त्यानं लावलेलं पिसा झाडाचं रोप होतं, पानं कडेनं तांबूस झालेली.

तो धावतच गेला. “आक्का! भर उन्हात काय करताय?”

“बसलेय.”

“इथं?”

“हा बसलाय ना. म्हटलं, कसं वाटतं ते तरी बघावं.”

“आत चला. भोवळ येईल.”

“तो येतोय का आत?”

बयाक्का उठायची काही चिन्हं दिसेनात. शेवटी त्यानं खांद्यावरचं उपरणं काढलं, दोन्ही हातांनी ताणून धरलं आणि त्यांच्यावर सावली केली. सावली शेजारच्या रोपावरही पडली.

“हां… आता बरं वाटतंय.”

ऊन सरकलं तसं त्यानं उपरणंही सरकवलं. नीलकंठाच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. दंड थरथरायला लागले.

“नीलकंठा, तू कोण? जांभूळ की हिरडा?”

“आक्का, आता चला ना…”

“मानकऱ्यांपैकी कुठला, म्हणून विचारलं. सावली चांगली धरतोयस.”

उपरणं हळूहळू खाली आलं.

“हात भरून आले, आक्का.”

“हो का? मग आता कोण धरील?”

नीलकंठानं मान वळवून पाहिलं. उतारावर कुठं तळहाताएवढी सावली नव्हती. सगळं त्यानंच साफ केलं होतं.

बयाक्का आपल्या आपण उठल्या, पदर डोक्यावर घेतला. “चल. मला भूक लागली.”

त्या रात्री नीलकंठ नीट जेवला नाही. त्याला राग आला होता, पण कुणाचा, ते ठरत नव्हतं. पावसाळा सुरू झाला, उतारावर पुन्हा हिरवं पसरलं, आणि त्यानं कशालाच हात लावला नाही. काही दिवस तो नुसता येरझाऱ्या घालत राहिला. मग बयाक्कांसमोर येऊन बसला.

“आता काय लावू?”

“काही लावू नकोस. ये, बघू तरी कोण काय करतंय.”

दोघं उतारावर गेली. एका काळ्याठिक्कर बुंध्याशी नीलकंठ थांबला आणि सवयीनं सुरू झाला. “हा कुंभा. निघंटूत याला…”

“नाव राहू दे. करतोय काय?”

“करतोय म्हणजे?”

“अरे, इथं उभा आहे ना? मग काहीतरी करतच असेल.”

नीलकंठ खाली बसला. अशा नजरेनं त्यानं झाडाकडे कधी पाहिलंच नव्हतं. झाड म्हणजे त्याला साल, मूळ, काढा, चूर्ण. माणसाला ते काय देतं, एवढंच तो शिकला होता. त्यानं बुंध्याभोवतीचा पाला बाजूला केला.

“वरून जळलाय… पण खालून फुटतोय.”

“आणि?”

“पाणी इथं अडलंय. वरची माती याच्या पायाशी येऊन थांबलीय.”

“अरे वा,” बयाक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज खरोखरच आश्चर्याचा होता. “मला हे दिसलं नव्हतं.”

त्या दिवसापासून नीलकंठाला छंदच लागला. सकाळी उठला की तो उतारावर. पांगारा उन्हाळ्यात पानं टाकतो, मग सावलीच्या कामाचा नाही. पण लाल फुलांवर पाखरं येतात, फांद्यांवर बसतात आणि खाली शिटतात. त्या शिटांमधून काय उगवतं ते तो गुडघ्यांवर बसून बघायचा. टाकळा पाऊस सरला की मरून जातो, मग त्याचा उपयोग काय? एकदा मोठी सर आली तेव्हा त्याला कळलं. जिथं टाकळा होता तिथलं पाणी संथ उतरत होतं. जिथं नव्हता तिथून ते लाल होऊन धावत होतं.

दोन पावसाळ्यांत दाटलेल्या करवंदीच्या जाळीत हात घालताना काट्यांनी त्याचा हात रक्तबंबाळ झाला. त्यानं तरी आत डोकावून पाहिलं आणि ओरडलाच.

“आक्का! इकडे या, इकडे या!”

जाळीच्या आत, जिथं बकरीचं तोंड पोचत नाही तिथं, जांभळाचं रोप उभं होतं. कुणी न लावलेलं. पानं गडद हिरवी, लकाकणारी.

बयाक्का वाकून बघत राहिल्या. “कुणी आणलं असेल रे?”

“बुलबुलानं. नाहीतर… नाही, जांभळाची बी बुलबुलाला जड जाईल. धनेश असेल का?”

“असेल.”

“किंवा वटवाघूळ…”

“तेही असेल.” बयाक्का हसल्या. “केवढी मोठी वरात रे एका जांभळाची!”

चांदाडा तर डोळ्यांदेखत वाढत होता. पाऊस पडला की हातभर. पान मऊ, लाकूड पोकळ, सगळं घाईघाईचं. जांभूळ त्याच्या शेजारी वर्षभरात बोटभर वाढायचं. पण त्याचं पान जाड, चामड्यासारखं. ते सहज करपायचं नाही आणि अळीच्याही दातांना दाद द्यायचं नाही. एक उधळ्या, एक चिक्कू. नीलकंठाला दोघंही आवडायला लागले.

पण त्याच्या डोक्यात एक गोष्ट अडकली. तो बयाक्कांकडे गेला.

“चांदाडा सावली धरतो. खरगोलही सावली धरतो. दोघं भराभर वाढतात, दोघं लवकर संपतात. एकाच कामाला दोघं कशाला?”

“त्यांनाच विचार.”

“झाड बोलतं का?”

“सवडीनं बोलतं.”

त्याच साली अळी पडली. चांदाड्याच्या पानांची नुसती चाळणी झाली, फांद्या उघड्या पडल्या. खरगोलाच्या खरखरीत पानांकडे अळीनं ढुंकूनही पाहिलं नाही. जिथं नुसता चांदाडा होता तिथली खालची रोपं उन्हात तापली. जिथं दोघं मिसळून होते तिथं सावली टिकली.

नीलकंठ दोन्ही पानं घेऊन आला आणि ती बयाक्कांसमोर ठेवली. दोघांनी मिळून भाकरी खाल्ली.

वर्षं गेली. नीलकंठाच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले. सोनाबायचा मुलगा पाड्यावर राहायला गेला होता. ती स्वतः मात्र गेली नव्हती.

एका उन्हाळ्यात ती हंडा घेऊन वर येताना झऱ्याच्या जागेपाशी थांबली. कातळाच्या फटीला तिनं तळहात लावला. मग दुसरा लावला. मग दोन्ही हात तोंडावरून फिरवले.

“वैदबुवा…”

नीलकंठ धावत आला. कातळ ओला होता. धार नव्हती, थेंबही नव्हता. नुसती ओल. सोनाबाय तिथंच फतकल मारून बसली आणि रडायला लागली. नीलकंठानं तिच्याकडे पाठ फिरवली, कारण त्यालाही आवरत नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यांमध्ये ओलीचे थेंब झाले आणि थेंबांची करंगळीएवढी धार झाली. सोनाबायचा मुलगा एक दिवस सामान घेऊन परत आला. वाडीनं नीलकंठाला नारळ दिला, फेटा बांधला. त्यानं फेटा घरी येताच काढून ठेवला. पण ठेवण्याआधी क्षणभर हातात धरून पाहिला, हेही खरं.

आणि मग चांदाडे वाळायला लागले.

आधी एक, मग दोन, मग जिकडेतिकडे. खालून जांभूळ वर आलं होतं. पिसा, अंजनी, हिरडा, सगळ्यांनी डोकी वर काढली होती. त्यांच्या दाट पानांखाली चांदाड्याची नवी रोपं उगवेनात. उगवली तरी पांढुरकी पडून बसायची. जुन्यांच्या फांद्या कडाकड मोडून पडायला लागल्या.

नीलकंठाला ते बघवेना. त्यानं एका कललेल्या चांदाड्याला टेकू दिला. दुसऱ्याला दोरीनं बांधलं. काही उपयोग झाला नाही. मग एका सकाळी तो कोयता घेऊन राईत गेला आणि चांदाड्याच्या डोक्यावर आलेल्या जांभळाच्या फांद्या छाटायला लागला.

सोनाबायनं कोयत्याचा आवाज ऐकला. ती आली, तिनं पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

“राईत कोयता? तुमी? वैदबुवा, तुमी?”

तिचा आवाज ऐकून वाडी गोळा झाली. कुणी शिवी दिली नाही. कुणी अंगावर आलं नाही. सगळे नुसते बघत उभे राहिले, आणि तेच नीलकंठाला सोसलं नाही. कोयता तिथंच टाकून तो झोपडीकडे चालू लागला.

बयाक्का आता अंथरुणाला टेकल्या होत्या. उठून बसायला त्यांना हाताचा आधार लागायचा. नीलकंठ उंबऱ्यातच बसला.

“कळलं का?”

“आवाज आला.”

“आक्का, मी ज्यांना भणंग म्हणत होतो ना, त्यांनीच हे उभं केलं. जळक्या मातीत तेच आधी आले. ऊन त्यांनी सोसलं, अळी त्यांनी सोसली. आणि आता ज्यांना त्यांनी सावलीत वाढवलं, तेच यांचं ऊन खाताहेत. यांनी काय चूक केली? यांना राईत जागाच नाही का?”

बयाक्का छताकडे बघत राहिल्या. “मलाही कळत नाही रे.”

“असं म्हणू नका. आज तरी म्हणू नका.”

“कळत नाही, त्याला काय करू? मला बघायला हवं. चल, ने मला.”

“तुम्हाला चालवणार नाही.”

“म्हणून तर तुला सांगतेय.”

नीलकंठानं त्यांना पाठुंगळीला घेतलं. त्या इतक्या हलक्या झाल्या होत्या की त्याला भीतीच वाटली. वाडीची माणसं अजून राईच्या तोंडाशी उभी होती. त्यांनी वाट दिली. सोनाबायनं पुढे होऊन बयाक्कांचा घसरलेला पदर सारखा केला आणि नीलकंठाकडे न बघता बाजूला झाली.

राईत गारवा होता. पायाखाली पाल्याचा थर, वर कुठंतरी एक हरोळी घुमत होती. कातळाच्या फटीतून पाण्याचा बारीक आवाज येत होता.

सगळ्यात मोठा चांदाडा आडवा झाला होता. त्याच्या पोकळ फांदीत मुंग्यांनी घर केलं होतं. सालीवर कानाच्या पाळ्यांसारखी अळंबी फुटली होती.

“इथं ठेव.”

नीलकंठानं त्यांना बुंध्याशेजारी पाल्यावर बसवलं आणि पाठीला आपला खांदा दिला. बयाक्कांनी सालीवरून हात फिरवला. अळंबीला बोट लावून बघितलं, वास घेतला. मग लहान मूल दाराला कान लावतं तसा त्यांनी बुंध्याला कान लावला.

त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

“काय झालं, आक्का?”

“श्श… तू ऐक.”

नीलकंठ त्यांना सावरत खाली वाकला. दुसऱ्या बाजूनं त्यानं कान टेकवला. आधी त्याला स्वतःच्या छातीचे ठोकेच ऐकू आले. मग ते मागे पडले. आत, खोल, लाकूड कुरतडल्यासारखं काहीतरी बारीक कुरुकुरु चाललं होतं. थांबत होतं, पुन्हा सुरू होत होतं. इकडे एक, तिकडे एक… आणि मग कितीतरी.

त्यानं डोळे मिटले. कितीतरी वेळ तो तसाच राहिला.

“ऐकू आलं?”

“हो.”

“काय?”

“आत कुणीतरी जेवतंय, आक्का.”

“हं…” बयाक्कांनी बुंध्यावर गाल टेकवला. “आणि वाढतंय कोण?”